अ‍ॅपियन रस्त्याच्या खाली

वसईत वाटेवरच्या क्रुसाला झेंडूची माळ चढते, संध्याकाळी त्याच्या पायथ्याशी मेणबत्ती लागते. ते बघताना बरं वाटतं, आणि मन मात्र रोमहून दक्षिणेला निघणाऱ्या अ‍ॅपियन रस्त्याकडे जातं.

इ.स.पू. 71 मध्ये गुलाम स्पार्टाकसचं बंड मोडून काढल्यावर हाती लागलेल्या सहा हजार बंडखोरांना काप्वापासून रोमपर्यंत रस्त्याच्या कडेनं क्रुसावर चढवलं गेलं. क्रूस म्हणजे चारचौघांत, नागव्यानं, रेंगाळत आलेलं मरण. वक्ता सिसेरोला तर रोमन नागरिकाच्या कानावर त्याचं नावही पडू नये असं वाटे. येशू गेला तो याच शिक्षेनं.

त्याच रस्त्यालगत, जमिनीखाली, पुढे ख्रिस्ती माणसांनी आपले मृत ठेवले. कॅलिस्टस आणि सेबास्टियन यांच्या नावांनी ओळखली जाणारी ती भुयारं मऊ ज्वालामुखी दगडात खोदलेली आहेत. भिंतीत एकावर एक कोनाडे, त्यांच्या तोंडाशी विटा किंवा संगमरवरी फरशी. फरशीवर मासा, कबूतर, जहाजाचा नांगर. भिंतीवर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ. क्रूस मात्र शोधावा लागतो.

माझा जीव त्या नांगरात अडकतो. वर कडी, मधे उभा दांडा, दांड्याला आडवी काठी, खाली वळलेले दोन आकडे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे, तिथूनच हे चिन्ह आलं असावं. आडव्या काठीमुळे काही अभ्यासकांना त्यात दडवलेला क्रूस दिसतो, मलाही दिसतो. पण तो नसला तरी चालेल. आपलं माणूस मातीआड करताना तारू बुडालं असं न म्हणता ते बंदराला लागलं असं म्हणणारे हात मला त्या ओबडधोबड रेघांत दिसतात.

क्रुसाचा संकोच पुढेही टिकला. चौथ्या शतकात, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात, ही शिक्षा बंद झाली असं मानतात. तरीही रोममधल्या सांता साबिना चर्चच्या, सुमारे 430 सालच्या लाकडी दारावर येशू हात पसरून उभा आहे, डोळे उघडे आहेत आणि मागचा क्रूस जेमतेम जाणवतो.

मग येशूला उघडउघड क्रुसावर दाखवलं कुणी? आज उपलब्ध असलेल्या अगदी जुन्या चित्रांपैकी एक काढलं आहे टवाळखोरानं. रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर 1857 मध्ये सापडलेल्या गिलाव्याच्या तुकड्यावर ओरखडे काढून कुणीतरी गाढवाच्या डोक्याचा माणूस क्रुसावर चढवला आहे. खाली हात उचललेला एक तरुण आणि ग्रीक अक्षरांत शेरा, की अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतोय. हे चित्र साधारण 200 सालच्या सुमाराचं धरतात. मला त्याचा राग येत नाही. भक्तांना जे रेखाटायचं धाडस होत नव्हतं, तेच त्या टवाळानं बरोबर हेरलं होतं: यांचा देव अपमानाच्या खांबावर आहे, आणि तरी हे त्याच्यापुढे हात उचलतात.

तो तुकडा सापडला त्याच्या शेजारच्या खोलीत आणखी एक ओळ सापडली. ही लॅटिनमध्ये, वेगळ्या हातची: अलेक्सामेनोस निष्ठावंत आहे. ती त्यानं स्वतः कोरली की त्याच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या कुणी, हे सांगता येत नाही. ती त्याचीच असावी असं मला मनापासून वाटतं.