सुझान, सूनी आणि दोन यमुना

'सुझान' हे फ्रेंच मुलींचे नाव ऐकायला मोठे नाजूक. पण या नावाचे माहेर फ्रान्स नव्हे. हिब्रू भाषेतल्या 'शोशन्ना'चे ग्रीकमध्ये 'सुसान्ना' झाले आणि लॅटिनच्या वाटेने ते फ्रान्सला पोचले. शोशन्ना म्हणजे लिलीचे फूल. त्याच्याही मागे गेले तर प्राचीन इजिप्तच्या भाषेतला कमळाचा शब्द भेटतो. म्हणजे पॅरिसची सुझान आपल्या कमल, नलिनी, पद्मा यांच्याच नात्यातली की !

अशी एक सुझान मुंबईच्या पारशी घराण्यात सून म्हणून आली. १९०२ साली रतनजी दादाभाई टाटांशी विवाह झालेली सुझान ब्रिएर, म्हणजे जे. आर. डी. टाटांची आई. तिने जरथुष्ट्री धर्माची दीक्षा घेतली आणि ती 'सूनी' झाली. आपल्या कानाला हे 'सोनी'सारखे लागते, गोडच आहे. पण एवढे करूनही ती पारशी ठरली नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १९०८ च्या निकालात म्हटले, की धर्म परक्यालाही स्वीकारता येईल, पण पारशांच्या अग्यारी आणि दोखम्यांवर त्यामुळे हक्क मिळत नाही. हक्क नाकारला, जुने नाव परत द्यायला मात्र कोणी आले नाही.

टाटांचे घर आपल्याला दूरचे वाटेल, म्हणून जवळचे सांगते. न्यायमूर्ती रानडे आपल्या निफाडचे. जन्म १८४२ चा. १८७३ साली त्यांच्याशी लग्न झालेली अकरा वर्षांची कुर्लेकरांची यमुना सासरी 'रमा' झाली. डॉक्टर आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच ! सातासमुद्रापलीकडे जाऊन वैद्यक शिकलेली ही बाई जगाला ठाऊक आहे ती सासरच्या नावाने. रमाबाईंनी पुढे आठवणी लिहिल्या. त्या पुस्तकाचे नावसुद्धा 'माझ्या' नव्हे, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' असे आहे.

माझ्या आजीचे माहेरचे नाव कमळा. सासरी तिला लक्ष्मी केले. घरात, गावात, सातबाऱ्यावर लक्ष्मीच. फक्त भाऊबीजेला तिचा भाऊ ओट्यावरूनच "कमळे !" अशी हाक मारी, आणि गुडघे दुखतात म्हणून दिवसभर कुरकुरणारी आजी चुलीपुढून ताडकन उठे. तो भाऊ वारला, त्यानंतर ते नाव घेणारे कोणी उरले नाही. सुझानला पॅरिसहून असे हाक मारणारे कोणी येत असेल का ?

यंदा आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचे लग्न ठरले आहे. ताटातल्या तांदळात अंगठीने कोणते नाव लिहायचे, याचा खल सासरी चालू आहे. कायद्याने नाव बदलावेच लागते असे नाही, हे मी तिला सांगितले. ती ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ते माहीत आहे गं. पण निदान काय काय नावे काढलीत, ते तरी मला विचारायचे !"