न जाणवलेला चटका

चैत्र शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत आयंबिलाची ओळी चालते आणि त्या नऊ दिवसांत ठिकठिकाणी श्रीपाळ राजाचा रास वाचला जातो. उपाध्याय विनयविजयजींनी रांदेर येथे आरंभलेला आणि त्यांच्या पश्चात उपाध्याय यशोविजयजींनी पूर्ण केलेला हा रास ठाणेकरांना विशेष आपला वाटतो. धवलशेठाने लोभापायी समुद्रात लोटलेला श्रीपाळ ज्या किनाऱ्याला लागला तो ठाण्याचा, अशी श्रद्धा आहे. टेंभीनाक्याच्या मुनिसुव्रतस्वामींच्या देरासराला भाविक कोकण शत्रुंजय म्हणतात. पण ठाण्याला लागण्यापूर्वी, कथेच्या पूर्वार्धात, हाच श्रीपाळ सातशे कुष्ठरोग्यांचा उंबर राणा होता आणि उज्जयिनीच्या राजाने रागाच्या भरात आपली कन्या मयणासुंदरी त्याला देऊन टाकली होती.

डोंबिवलीतील एक कापडव्यापारी दरवर्षी हा प्रसंग ऐकण्यासाठी ठाण्यास जात. एका वर्षी चैत्राच्या उकाड्यातही त्यांनी पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता. डाव्या कोपराखाली रुपयाएवढा फिकट चट्टा उमटला होता. खाज नव्हती, वेदना नव्हती. एकदा दुकानात चहाचा गरम पेला त्या जागी टेकला, फोड आला. पण चटका बसल्याचे फोड दिसल्यावर कळले. कन्येचा साखरपुडा तोंडावर होता. तो पार पडला, लग्नाची तिथी निघाली, आणि आठ महिने त्यांनी हा हात कोणालाच दाखविला नाही. हिशेबाच्या वहीत एक पैसा लपविणे ज्यांना जमले नसते, त्यांना हे जमले.

अखेर पत्नीनेच एका पहाटे तो चट्टा पाहिला आणि त्याच आठवड्यात त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. पाठीवर, त्यांना स्वतःला कधी न दिसलेले, आणखी सहा चट्टे निघाले. निदान झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न स्वतःविषयी विचारलाच नाही. हे रक्तातून मुलीकडे जाते का, एवढेच विचारले.

हा प्रश्न फार जुना आहे. नॉर्वेतील बर्गन शहरी एकोणिसाव्या शतकात मोठमोठे वैद्य कुष्ठरोग आनुवंशिक मानीत. त्यांतील अग्रणी डॅनियलसन यांची कन्या ज्यांनी केली, त्या गेरहार्ड आर्मोअर हॅन्सन यांनी १८७३ साली रुग्णांच्या गाठींतील पेशींत काडीसारखे जंतू पाहिले आणि सासऱ्यांचे मत चुकीचे ठरविले. रोग रक्ताचा नव्हता, वंशाचा नव्हता. तो एका जिवाणूचा होता. रॉबर्ट कॉख यांना क्षयाचा जंतू सापडण्यास अजून नऊ वर्षे होती.

जिवाणू आणि विषाणू हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, आणि त्याची किंमत औषधांच्या दुकानात मोजतो. जिवाणू हा एका पेशीचा का होईना, पण पूर्ण संसार आहे. त्याला स्वतःची भिंत आहे, तो अन्न घेतो, वाढतो, दुभंगून दोन होतो. दुधाचे दही करणारा तोच आणि क्षय करणाराही त्याचाच भाऊबंद. विषाणूला पेशीच नाही. प्रथिनाच्या वेष्टनातील आनुवंशिक मजकुराची ती पुडी. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्यावाचून तिला काहीच करता येत नाही. प्रतिजैविके जिवाणूंच्या भिंतीवर किंवा त्यांच्या अंतर्गत कारखान्यावर घाव घालतात. सर्दीच्या विषाणूजवळ यांपैकी काहीच नसल्याने ती गोळी तेथे वाया जाते, एवढेच नव्हे तर शरीरातील इतर जिवाणूंना त्या औषधाला पुरून उरण्याचा सराव करून देते.

कुष्ठरोगाचा जिवाणू या कुळातही विक्षिप्त आहे. इतर कित्येक जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात; याला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणूनच रोग प्रकट होण्यास पाच वर्षे, क्वचित वीस वर्षेही जातात. त्याला उष्णता सोसत नाही. नाक, कानाच्या पाळ्या, हातापायांची बोटे अशा थंड जागा आणि त्वचेलगतच्या नसा त्याला मानवतात. संवेदना जाते ती त्यामुळे. २००१ साली त्याचा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा त्यात हजाराहून अधिक जनुके निकामी होऊन पडलेली आढळली. एखाद्या पेढीने एकेक खाते बंद करून सगळे काम शेजाऱ्याच्या पेढीवर ढकलावे, तसा हा मनुष्याच्या पेशीवर विसंबून राहिला आहे. प्रयोगशाळेच्या कृत्रिम अन्नावर तो आजतागायत वाढविता आलेला नाही. आणि बहुसंख्य माणसांची प्रतिकारशक्ती त्याला मुळात थाराच देत नाही. या शेवटच्या वाक्यासाठी डॉक्टरांना ते दोनदा सांगावे लागले.

व्यापाऱ्यांच्या मनात दुसरीही शंका होती. असंख्य जीव मारणारी गोळी रोज घ्यायची? तत्त्वार्थसूत्रात जीवांची मांडणी इंद्रियांच्या संख्येवरून आहे: पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती हे एकेंद्रिय, तेथून कृमी, मुंगी, भ्रमर असे चढत मनुष्यापर्यंत. पाश्चात्त्य विज्ञान फार काळ प्राणी आणि वनस्पती या दोनच राशींवर भागवीत होते. १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकर यांनी पाच सृष्टी मांडून जिवाणूंना मोनेरात बसविले. आठ वर्षांनी कार्ल वूझ यांनी त्यांतूनही आर्किया नावाचे निराळे घराणे वेगळे काढले. विषाणू या कोणत्याच घरात नाहीत. निगोद म्हणजेच जिवाणू, असे काही उत्साही व्याख्याते सांगतात. ते समीकरण घाईचे आहे. एक मांडणी आत्म्याचा विचार करते, दुसरी पेशीचा, आणि दोहोंना एकाच तागडीत घालून काही निष्पन्न होत नाही. पत्नीचे उत्तर सोपे होते. “रोज सकाळी पाणी उकळतो, तेव्हा काय करतो आपण? तुम्ही संसारी आहात.”

खरी अडचण कॅप्सूलच्या आवरणाची निघाली. ते जिलेटिनचे, म्हणजे जनावराच्या हाडाकातड्याचे. पर्याय मिळाला नाही. त्यांनी औषध सुरू केले, महाराजसाहेबांपाशी आलोचना घेतली आणि बारा महिने प्रत्येक गोळी सूर्यास्तापूर्वी घेतली. सरकारी केंद्रात हे औषध विनामूल्य मिळते. तीन औषधे एकत्र देण्याची ही पद्धत १९८०च्या दशकारंभी रूढ झाली. तिच्या पहिल्या मात्रेनेच संसर्गाची शक्यता जवळजवळ संपते. घरातील माणसांनाही प्रतिबंधक गोळीची एकेक मात्रा देण्यात आली.

औषध आणण्यासाठी ते मुद्दाम कल्याणला जात, डोंबिवलीत ओळखीचे भेटतात म्हणून. गाडी पत्रीपुलाजवळ येई तेव्हा हनुमाननगरची कुष्ठरुग्णांची वसाहत त्यांना आठवे. नौदलातून निवृत्त झालेले गजानन माने यांनी तेथील माणसांसाठी वर्षानुवर्षे काम केले आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उंबर राण्याबरोबरचे सातशे न्हवणाच्या जलाने बरे झाले आणि घरोघर परतले. या वसाहतीतील माणसांनाही औषध मिळाले, ती बरी झाली. पण बरे झाल्यावरही घरच्यांनी परत नेले नाही, अशी त्यांत कितीतरी. २०१९पर्यंत तर हिंदू विवाह कायद्यात, जो जैनांनाही लागू आहे, कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते.

व्याह्यांना सांगायचे की नाही, यावर घरात चार रात्री चर्चा झाली. कन्येने स्वतःच फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग व्याह्यांनी डॉक्टरांचा पत्ता मागितला, दुसऱ्या दिवशी त्यांना भेटून आले आणि लग्न ठरल्या तिथीलाच झाले. वराच्या आत्याबाई मात्र आल्या नाहीत. त्यांचे कारण कोणी विचारले नाही.

बारावे पाकीट संपले, चट्टे विरले. कोपराखालच्या जागेची संवेदना तेवढी परत आली नाही. गेलेली नस फिरत नाही. त्या दुकानात आता चहा कानाच्या कपातून येतो.