छेदात कोण?

अपूर्णांकांशी माझी पहिली गाठ पडली ती पाठांतरातून. वाईला आजोबांचं किराण्याचं दुकान होतं आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी असं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. संध्याकाळी परवचा झाला की यातलं थोडं तरी ते आम्हा नातवंडांकडून म्हणून घेत. त्यांच्या लेखी हे पाढे रोजच्या कामाचे होते. रुपयाचे आणे सोळा, शेराच्या छटाका सोळा. पाच आणे शेराची डाळ कुणी पाऊण शेर मागितली, तर गिऱ्हाइकाने पिशवी उघडायच्या आत ‘पावणेचार आणे’ म्हणता यायला हवं. पण 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, पाठोपाठ शेर जाऊन किलो आला आणि पाऊणकीचं दुकान उठलं. आमच्यापर्यंत पोचली ती नुसती तिची चाल.

शाळेत मग छेद समान करणं आलं. तेही जमलं, पण हा अपूर्णांक नेमका कशाचा, असं ना कुणी विचारलं, ना मला विचारावंसं वाटलं. दहावीनंतर कॉमर्सला गेले. अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत तेव्हा एकच चर्चा असे, मॅथ्स घेतलंस की एसपी? सेक्रेटरियल प्रॅक्टिस घेतली की गणितातून सुटका, हा माझाही हिशेब होता. ही सुटका दोनच वर्षांची निघाली. मुंबईला एफवायबीकॉमला गणित-संख्याशास्त्राचा पेपर पुढ्यात येऊन बसला. कॉलेजात शिकवणं सुरू झालं ते गणित घेतलेल्यांना धरून. बाकीच्यांनी केटी लागायला नको म्हणून दादरला क्लास लावला. ज्यांना फी परवडत नव्हती, ते गाइडवर विसंबले.

त्या क्लासच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक गणित मांडलं. दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर, बाजारभाव अडीचशे, कंपनीने चाळीस टक्के लाभांश जाहीर केला. ‘चाळीस टक्के’ ऐकून बाकं हुरळली. सर म्हणाले, “चाळीस टक्के, पण कशाचे?” लाभांश दर्शनी किमतीवर मिळतो, म्हणजे हातात येणार चार रुपये. पैसे गुंतलेत अडीचशे, म्हणजे परतावा 1.6 टक्के. चार रुपये तेच. खाली दहा लिहिले की चैन, अडीचशे लिहिले की पोस्टाचं पासबुक बरं. टक्का दिसला की आधी त्याचा छेद शोधायचा, ही खोड मला तिथे लागली आणि पुढे हिशेबाच्या नोकरीत ती कामाला आली.

लग्नानंतर कॅलिफोर्नियात आले. मुलं मोठी झाल्यावर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात गणिताची ट्यूटर म्हणून जाऊ लागले. बिझनेस आणि इकॉनॉमिक्सकडे जाणाऱ्या मुलांना इथे बिझनेस कॅल्क्युलस घ्यावं लागतं. ज्यांचा पाया कच्चा आहे, त्यांच्यासाठी त्याला जोडून एक-दोन युनिटांचा सपोर्ट कोर्स असतो. मुख्य तासाला उद्या जे लागणार, ते आज इथे घासून घ्यायचं: घातांक, रेषेचा चढ, समीकरण सोडवणं आणि अर्थात अपूर्णांक.

एक मुलगा होता. शनिवार-रविवार मावशीच्या तमालेच्या, म्हणजे मक्याच्या पिठाच्या मेक्सिकन पदार्थाच्या, गाडीवर उभा राहणारा. गणित असं होतं: q नग विकले तर उत्पन्न 24√q डॉलर, एक नग करायला खर्च एक डॉलर, किती नग करावेत? डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय, हे त्याला चांगलं कळलं होतं. “पुढचा एक तमाले विकून किती जास्त मिळतील ते,” असं त्याने स्वतःच सांगितलं. घातांक अर्धा खाली आणला, 24 चे 12 केले आणि पेन थांबलं. आता घातांकातून एक वजा करायचा होता. अर्ध्यातून एक वजा! मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तोच पुटपुटला, “खिशात अर्धा डॉलर, देणं एक डॉलर... उणे अर्धा.” मग गाडी सुटली. पुढच्या नगाचं उत्पन्न 12 भागिले √q. ते एक डॉलरला येऊन टेकतं तेव्हा q असतो 144. “म्हणजे बारा डझन,” तो म्हणाला. तमाले डझनावर विकतात.

पूर्वी याच अर्ध्यापायी तो दारातच अडला असता. प्रवेशाच्या वेळी चाचणी व्हायची आणि तिच्या निकालावरून मुलांना अंकगणित, प्राथमिक बीजगणित, मग माध्यमिक बीजगणित अशा पायऱ्यांवर उभं करत. या तासांची क्रेडिट्स चार वर्षांच्या पदवीत धरली जात नसत. 2017 साली इथे एबी 705 हा कायदा झाला. चाचणीऐवजी हायस्कूलचे गुण पाहा आणि मुलांना एका वर्षात पदवीच्या गणितातून पार होण्याची जास्तीत जास्त संधी द्या, असं त्याने कॉलेजांना बजावलं. सपोर्ट कोर्स फोफावले ते त्यानंतर.

यावर स्टाफरूममध्ये वाद चालतो तो थेट माझ्या खोडीवर येऊन पोचतो. जुने प्राध्यापक म्हणतात, वर्गाचा निकाल घसरला. आणि ते खोटं नाही. पण कल्पना करा, चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीवर पंचाहत्तर टक्के पास होतात. कुठल्याही एका वर्गात पाहिलं तर झकास निकाल. मात्र पाऊण गुणिले पाऊण गुणिले पाऊण गुणिले पाऊण केलं की शंभरातले बत्तीससुद्धा वर पोचत नाहीत. सगळ्यांना सरळ वरच्या वर्गात घेऊन निम्मे पास झाले तरी ते पन्नास. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची वाटणी करून हे पडताळलं. 2016 साली निष्कर्ष छापून आले. आधी प्राथमिक बीजगणितात बसवलेल्यांपैकी सुमारे 39 टक्के त्या तासाला पास झाले; सरळ संख्याशास्त्रात घेऊन सोबत आधार दिलेल्यांपैकी सुमारे 56 टक्के संख्याशास्त्रात पास झाले.

नापास होणाऱ्यांचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्यांच्या प्रगतिपुस्तकावर तो डाग राहतो हेही खरं. पण निदान ते मोजले तरी जातात. जुन्या व्यवस्थेत दुसऱ्या पायरीवर घरी गेलेला मुलगा वरच्या वर्गाच्या छेदात कधी आलाच नाही, म्हणून कुणाचा निकालही बिघडला नाही.

पुण्याची भाची कॉमर्सला आहे. परवा फोनवर अभिमानाने म्हणाली, “मावशी, आमच्या कॉलेजचा निकाल ब्याण्णव टक्के!” मी विचारलं, “कशाचे ब्याण्णव? केटीला कंटाळून वर्ष अर्ध्यावर सोडलेले धरलेत का? गणिताच्या धाकाने या बाजूला फिरकलेच नाहीत, ते?” ती वैतागली. “तू आधी अभिनंदन कर, मग हिशेब माग.” अभिनंदन केलं. हिशेब मात्र तिने आपल्या प्राचार्यांना विचारावा, एवढं सांगून ठेवलंय.