भिंत रकाबगंजला, गल्ली त्रिलोकपुरीत

मयूर विहार, दिल्ली

प्रिय वहिनी,


दाखाऊची नाझी छळछावणी पाहून आल्यावर तुम्ही लिहिलंत की, आपल्याकडे असं काही जपलेलंच नाही. अगदीच नाही असं नाही. संसदेजवळच्या रकाबगंज गुरुद्वाऱ्यात १९८४च्या हत्याकांडात बळी पडलेल्या शिखांची नावं कोरलेली ‘सच की दीवार’ जानेवारी २०१७पासून उभी आहे. पण ती गुरुद्वारा समितीने, म्हणजे ज्यांची माणसं गेली त्यांनीच बांधली. माझं म्हणणं असं की, स्मारक सरकारने बांधायला हवं, आणि तेही त्रिलोकपुरीत.

त्रिलोकपुरी आमच्या शेजारची, आणीबाणीत झोपड्या हटवून वसवलेली वस्ती. तिथल्या ३२ ब्लॉकच्या अरुंद गल्ल्यांत १ आणि २ नोव्हेंबरला तीनशेहून अधिक माणसं मारली गेली. दिल्लीतल्या मृतांचा सरकारी आकडा २,७३३. जमावाच्या हाती घरं हेरायला याद्या होत्या, जाळायला रॉकेल होतं, आणि पोलिसांनी पाठ फिरवली होती. नागरी हक्क संघटनांनी हे त्याच महिन्यात छापून प्रसिद्ध केलं. कोरलेल्या नावांवरून कोण गेलं ते कळतं. यादी जमावाच्या हाती कशी पडली, ते कळत नाही. दाखाऊत मात्र हजेरीचं मैदान आणि भट्ट्या पाहिल्यावर माणसं मारण्याची व्यवस्था ध्यानात येते, कारण जागाच समोर असते.

तुम्ही म्हणाल, तुलनाच चुकीची. तिथे बारा वर्षं चाललेलं राज्यधोरण, इथे चार दिवसांचा हिंसाचार. मान्य. मी गुन्ह्यांची नव्हे, नंतरच्या वागण्याची तुलना करतोय. तुम्ही असंही म्हणाल की, पंतप्रधान मनमोहन सिंगांनी २००५ साली राज्यसभेत माफी मागितली, २०१८मध्ये काँग्रेस नेते सज्जन कुमारला जन्मठेप झाली, मग आणखी काय हवं? पण माफी कामकाजाच्या नोंदीत राहते, आणि तो निकाल पालमच्या राजनगरमधल्या पाच खुनांचा होता, तोही चौतीस वर्षांनी. राहता राहिला आक्षेप, की त्रिलोकपुरीत आज नांदणाऱ्या कुटुंबांचं काय. हा मला खरा वजनदार वाटतो. पण दाखाऊच्या बराकींतही युद्धानंतर निर्वासित जर्मन कुटुंबं वर्षानुवर्षं राहत होती. वाचलेल्या कैद्यांनी हट्ट धरला, बव्हेरिया सरकारने पैसा दिला, तेव्हा कुठे १९६५ साली स्मारक झालं. (जर्मनांचं कौतुक करताना ही वीस वर्षं आपण सोयीने विसरतो.) शिवाय त्रिलोकपुरीत कुणाचं घर उठवायची गरज नाही, ब्लॉकच्या तोंडाशी सरकारी खर्चाने एक खोली, आणि तिच्यात हत्याकांडाच्या चौकशी आयोगांचे अहवाल हिंदी-पंजाबीत, एवढं पुरे.

दाखाऊच्या फलकांवर आसपासच्या गावकऱ्यांविषयी काय लिहिलंय, ते आठवत असेल तर कळवा.

आपला,
श्रीधर