आजोबांचा गळ

आमचें मूळ घर कोल्हापूरजवळच्या एका खेड्यांत आहे. परसांत जुनी विहीर. तींत कोणाची घागर पडली, कीं आजोबांना बोलावणें येई. ते दोरास लोखंडी गळ बांधून हळूच खालीं सोडीत. काळोखांत डोळ्यांचा उपयोग नसे; दोराच्या ओढीवरूनच त्यांना सारें कळे. 'गाळ उठवूं नकोस, पोरा. पाणी साऱ्यांचें आहे,' असें ते मला बजावीत.

एकदां ते घरीं नसतां मीं उतावीळपणें गळ फिरविला. घागर निघाली, पण पाणी गढूळ झालें व दोन दिवस शेजाऱ्यांसही पाणी दुरून आणावें लागलें. आजोबा रागावले नाहींत. त्यांनीं स्वतः खांद्यावर घागर घेऊन शेजारच्या काकूंकडे पाणी भरलें. तें मला रागावण्याहून अधिक लागलें.

महासागराच्या तळाविषयीं वाचतांना मला हाच प्रसंग आठवतो. तेथें भेगांतून झिरपलेलें पाणी तप्त शिलारसाच्या सान्निध्यानें तापतें व खडकांतील तांबें, जस्त, लोह, किंचित् सोनेंरुपेंही घेऊन वर उसळतें. कित्येकदां त्याची उष्णता ३५० अंशांहून अधिक असते. तरी वरील पाण्याच्या दाबामुळें तें उकळत नाहीं. थंड पाण्याशीं गांठ पडतांच खनिजें सांकळतात व त्यांचीं धुराडीं उभीं राहतात. असे झरे मनुष्यानें प्रथम १९७७ सालीं गॅलापागोस बेटांजवळ पाहिले.

एवढ्या खोलीचा शोध घेण्यासाठीं जहाजाशीं तारेनें जोडलेलें दूरनियंत्रित यान सोडतात. तारेंतून वीज खालीं जाते, चित्रें वर येतात. जहाजावरील चालक तीं पाहून यानाचे यांत्रिक हात हालवितो. आजोबांच्या गळास जणू डोळे फुटले! चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचें 'रोसब ६०००' हें असें यान २०१० सालीं हिंदी महासागरांत ५,२८९ मीटर खोल उतरलें. २०१६ सालीं भारतास त्याच महासागरांत १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रांत या खनिजांच्या शोधाचा करार मिळाला. डिसेंबर २०२४ मध्यें याच संस्थेनें व गोव्यांतील ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रानें, तार नसलेल्या स्वयंचलित यानाच्या साहाय्यानें, सुमारें ४,५०० मीटर खोलीवरील जिवंत झऱ्याचीं छायाचित्रें मिळविलीं.

माझे वडील उद्यमनगरांत ओतकाम करितात. धातूचें मोल मला ठाऊक आहे. परंतु त्या झऱ्यांभोंवतीं सूर्यप्रकाशावांचून जगणारे जीव आहेत. झऱ्यांतील गंधकयुक्त वायूवर वाढणारे सूक्ष्म जंतु हाच त्यांच्या अन्नाचा आधार. उत्खननानें उठलेला गाळ त्यांच्यावर बसला, तर कोणी कोठून पाणी भरावें?

आतां विहिरीवर पंप आहे. गळ खुंटीला टांगलेला असतो. पुढें सागरविज्ञान शिकावें, ही माझी इच्छा. त्या यानाची कळ कधीं हातीं आली, तर तो गळ मी विसरणार नाहीं.