सरळ की उजवीकडे?



आमच्या शेजारीणबाई रशियन बोलतात, पण त्या रशियाच्या नाहीत. उझबेकिस्तानातल्या ताश्कंदहून त्या १९९१ साली इस्रायलला आल्या. इतक्या वर्षांच्या शेजारात थोडी रशियन माझ्याही कानावर पडली. २०१९ मध्ये नातवाला घेऊन मी क्रोएशियाला निघाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "काही काळजी करू नका. ती आमच्या भाषेची बहीणच आहे."

दुब्रोव्निकच्या जुन्या गावाला कोट आहे. त्याच्या दारात एका आजोबांना मी सिनेगॉग विचारलं. ते म्हणाले, "प्रावो, प्रावो!" रशियनमध्ये "नाप्रावो" म्हणजे उजवीकडे. झालं! आम्ही उजवीकडे वळलो आणि पायऱ्या चढून दमलो. मग कळलं, क्रोएशियनमध्ये "प्रावो" म्हणजे सरळ. उजवीकडे म्हणायला "देस्नो". सरळ गेल्यावर डाव्या हाताला झुदियोस्का, म्हणजे यहुदी गल्ली लागली. तिथंच ते जुनं सिनेगॉग. नातू हिब्रूत म्हणाला, "सावता, बहिणी आहेत पण घरं वेगळी!"

बालमित्रांनो, आता नकाशा उघडा. बाल्टिक समुद्रावरच्या कालिनिनग्रादपासून पॅसिफिकवरच्या व्लादिवोस्तोकपर्यंत रशियन बोलतात. पूर्ण रशियात घड्याळाच्या ११ वेळा होतात! बेलारूस, कझाकस्तान, किर्गिझस्तान इथंही ती सरकारी कामात चालते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला, पण भाषा घराघरात राहिली. आपल्या अश्दोदच्या बाजारातही ती रोज ऐकू येते.

क्रोएशियनचं घर लहान. क्रोएशियाची वस्ती ४० लाखांच्या आत, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षा कितीतरी कमी. बोस्निया-हर्झेगोव्हिनात ती तीन राजभाषांपैकी एक आहे. सर्बिया, माँटेनेग्रोतल्या लोकांनाही ती सहज समजते. लिपी मात्र रोमन, रशियनची सिरिलिक. तरी पाण्याला दोन्हीकडे "वोदा"च म्हणतात. आपल्या "उदक" शब्दाचं नातं त्याच्याशी आहे. २०१३ मध्ये क्रोएशिया युरोपीय संघात गेला आणि ही लहान भाषा संघाची २४ वी अधिकृत भाषा झाली.

परत आल्यावर एक गोष्ट वाचली, ती मनातून जात नाही. सुमारे ५०० वर्षांपूर्वी तुर्कांच्या स्वाऱ्यांच्या काळात काही कुटुंबं समुद्र ओलांडून इटलीच्या मोलिझे भागात गेली. तिथल्या तीन गावांत त्यांची बोली अजून आहे. ते तिला "ना-नाशू" म्हणतात, म्हणजे "आपल्या रीतीनं". ना राज्य, ना सैन्य. घरात आजी-आजोबा बोलत राहिले, म्हणून ती टिकली. पण आता तिथली मुलं इटालियनकडे वळली आहेत, आणि ती बोली धोक्यात आहे.

हे वाचून मला आमचंच घर दिसलं. नातवाला मी मराठीत हाक मारते, तो हिब्रूत ओ देतो. म्हणून आता शब्बाथच्या जेवणाला आमच्याकडे फक्त मराठी. नातू चुकतो, "ती पाणी दे" म्हणतो. चुकू दे! आम्हीसुद्धा रस्ता चुकलो होतो, पण सिनेगॉग सापडलंच ना?