दुकानातला थोरला

दुकानाच्या आधी तो घरात आला. गाळ्याचं भाडं ठरायचं होतं, फळ्या अजून सुताराकडे होत्या, आणि माझे वडील, अण्णा, सांगलीच्या गणपती पेठेतून त्याला विकत घेऊन एसटीतून मांडीवर बसवून गावात घेऊन आले. लोखंडी दांडी, मधोमध काटा, दोन पितळी पारडी, सहा साखळ्या. दांडीवर कोरलेलं गाव होतं सावरकुंडला. गुजरातेतलं हे गाव तराजूंसाठीच प्रसिद्ध आहे.

ते १९६२ साल. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून वजनात दशमान पद्धत देशभर सक्तीची झाली होती. शेर, छटाक, मण यांची जुनी वजनं मोडीत निघाली होती, त्यामुळे अण्णांना वजनंही कोरी घ्यावी लागली. पाच किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंतची, षटकोनी, ओतीव, खालच्या भोकात शिसं भरलेली आणि त्या शिशावर सरकारी शिक्का मारलेली. आमचं दुकान आणि किलो असे एकाच वयाचे. मी तीन वर्षांनी जन्मलो, म्हणून घरात माझ्यापेक्षा तो थोरला.

अण्णांनी नऊ वर्षं एका अडत पेढीवर हिशेब लिहिले होते. भांडवल म्हणावं असं त्यांच्याजवळ फारसं काही नव्हतं. साखरेचं एक पोतं, गुळाच्या चार ढेपा, शेंगदाणे, खोबरं, मीठ, चहा आणि रॉकेलचा एक डबा, एवढ्यावर तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांनी दुकान टाकलं. पण तराजू मात्र त्यांनी चांगला घेतला. सुताराने तुळईला कडी ठोकली तेव्हा अण्णांनी ती एक वीत खाली घ्यायला लावली. चौथीतल्या पोरालाही काटा दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. दुकानात सामानाला येतात ती निम्मी पोरंच, आणि पोराने घरी जाऊन ‘काटा सरळ होता’ असं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी आई येते.

स्वभावाने तो संथ होता. पारड्यात माल पडला की आधी वरखाली व्हायचा, मग एकेक हेलकावा लहान करत यायचा आणि शेवटी थरथरत उभा राहायचा. बाजाराच्या दिवशी दारात माणसांची रीघ लागलेली असली तरी त्याला घाई नसायची, आणि त्याच्यामुळे अण्णांनाही नसायची. तो थांबेपर्यंत अण्णा हात मागे घेऊन उभे राहात. पारड्याच्या कडेला बोट लागलेलं गिऱ्हाइकाला कधी दिसता कामा नये, ही आम्हा भावंडांना मिळालेली पहिली शिकवण. दुसरी अशी की वजनाने सुपारी फोडायची नाही, दार अडवायचं नाही, ते आपटायचं तर मुळीच नाही. वजन झिजतं, आणि झिजलेलं वजन बोलत नाही.

सकाळी भवानी होईपर्यंत तो रिकामा लटकत असे. त्या वेळी अण्णा त्याची तब्येत बघत. एका साखळीच्या कडीत तांब्याच्या तारेचे दोन वेढे होते, तो त्याचा पासंग. पारड्यांच्या वजनात जो कणभर फरक होता तो त्या तारेने भरून निघायचा. पण रिकामा तराजू सरळ उभा राहिला म्हणजे तो खरा, असं नसतं. दांडीची एक बाजू दुसरीपेक्षा केसभर लांब असली तरी पासंग लावून काटा सरळ करता येतो, आणि मग माल ठेवला की खोट सुरू होते. ती ओळखायची एकच रीत आहे. माल आणि वजन यांची पारडी बदलून बघायची. खरा तराजू दोन्हीकडून सारखंच बोलतो. ही तपासणी अण्णा महिन्याला एकदा, भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर करीत.

गिऱ्हाइकंही काही कच्ची नव्हती. गुळाला किंवा डालड्याला माणसं घरून भांडं आणायची. आधी त्या रिकाम्या भांड्याचा धडा करायचा. एका पारड्यात भांडं, दुसऱ्यात खडे, गंजके नट, मोडकी बिजागरी, जे बसेल ते. काटा मध्यावर आला की मग वजन टाकायचं. या धड्याच्या खड्यांसाठी अण्णांनी एक खोबरेलाचा रिकामा डबा ठेवला होता. वरच्या आळीच्या एक म्हातारबाई डोळ्यांनी अधू होत्या. त्या कानाने खड्यांचा आवाज ऐकायच्या आणि विचारायच्या, ‘‘अण्णा, धडा केलासा न्हवं?’’ अण्णा त्यांचा हात धरून काट्यावर टेकवायचे. पुडीचा कागदही अण्णा मालात मोजत नसत. तेवढाच कागद वजनाच्या पारड्यात टाकत. मिठाईच्या दुकानात खोक्यासकट पेढे तोलले जातात तेव्हा मला अजून राग येतो. कायद्याने वजन निव्वळ मालाचं द्यायचं असतं, आणि आमच्या खेड्यातल्या दुकानात ते जुन्या वर्तमानपत्राच्या एका तुकड्याने साधत होतं.

आता ज्याने दुकान चालवलं आहे त्यालाच कळेल अशी एक गोष्ट. किरकोळ विक्रीतला नफा काट्याच्या हलण्यात असतो. आजच्या हिशेबाने सांगतो. पन्नास किलोचं साखरेचं पोतं पाव-पाव किलोने विकलं तर दोनशे वेळा तोलावं लागतं. दर वेळी काटा गिऱ्हाइकाकडे दोन ग्रॅम जरी झुकला तरी पोत्यामागे चारशे ग्रॅम साखर गेली. साखरेत किलोला रुपया सुटतो असं धरा, म्हणजे पोत्यामागे पन्नास रुपये. चारशे ग्रॅमचे सतराअठरा रुपये त्यातूनच गेले. एक तृतीयांश नफा झुकत्या मापात संपला. शिवाय गूळ पावसाळ्यात पाझरतो, मिरची आणि चिंच उन्हाळ्यात वाळून हलकी होते, मिठाला पाणी सुटतं. ही घट दुकानदाराचीच. म्हणून नवखे दुकानदार दोन टोकांना जातात. काही सढळ हाताने देऊन वर्षाच्या आत गाळा रिकामा करतात, आणि काही बोटाने पारडं दाबायला शिकतात. अण्णा काटा मध्यावर आणत, आणि तो तिथे थांबला की मग पुडीत चार दाणे वरून टाकत. तोललेलं वेगळं आणि दिलेलं वेगळं, हे गिऱ्हाइकाला दिसायचं. ते चार दाणे अण्णा वर्षाच्या हिशेबात धरत असत.

मालाच्या खरेदीतही त्याचाच आधार होता. एकदा एका घाऊक व्यापाऱ्याकडून आलेली साखरेची पोती हाताला हलकी लागली. पोतंभर माल तोलण्याची आमच्या तराजूची ताकद नव्हती. अण्णांनी आणि आईने रात्री दार लावून पाच-पाच किलोने अख्खं पोतं तोललं, नंतर रिकामं बारदान वेगळं. पाऊण किलोच्या वर साखर कमी भरली. व्यापारी हमालांवर ढकलून मोकळा झाला. अण्णा भांडले नाहीत, पेढी बदलली. त्यानंतर प्रत्येक खेपेतलं एक पोतं आमच्याकडे असं रात्री तोललं जायचं.

बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आमच्या भागातली शेतं उघडी पडली आणि माणसं रोजगाराच्या कामांवर खडी फोडायला गेली. पगार झाला की ती दुकानात यायची, पण किलो मागणारं कुणी उरलं नव्हतं. पन्नास ग्रॅम चहा, पन्नास ग्रॅम शेंगदाणे, शंभर ग्रॅम साखर. पाच किलोचं वजन कोपऱ्यात धूळ खात पडलं आणि सगळ्यात लहान वजन सकाळपासून रात्रीपर्यंत पारड्यात आदळत राहिलं. हाता-हातांतून, घाईत, कधी फरशीवर पडून त्याचा एक कोपरा उडाला, खालचं शिसं झिजलं. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. अण्णांच्याही नाही.

१९७४ साली वजनांच्या पडताळणीत बाकी सगळी वजनं पास झाली, फक्त ते पन्नास ग्रॅमचं नापास झालं. दीड ग्रॅम कमी भरत होतं. निरीक्षकाने दंड केला नाही, नवं घ्या म्हणाला. पण घरी आल्यावर अण्णा जेवले नाहीत. किती दिवस ते कमी भरत होतं, हे कळायला मार्ग नव्हता. आणि ज्यांना दीड ग्रॅम कमी गेलं ते गावातले सगळ्यात गरीब लोक होते. पन्नास ग्रॅम तेच घेत होते. महिन्याला एकदा पारडी बदलून तराजू तपासणाऱ्या माणसाने वजन तपासलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून पन्नास ग्रॅमच्या प्रत्येक पुडीत अण्णा चिमूट नव्हे, मूठ टाकू लागले. आईने दोनतीन महिने पाहिलं आणि एकदाच विचारलं, ‘‘अहो, कुठवर?’’ ते म्हणाले, ‘‘फिटलं असं वाटेस्तोवर.’’ ती मूठ पुढे दोन वर्षं चालली. दुकान त्या दोन वर्षांत कसं तगलं हे मी रोजमेळ काढून पाहिलं आहे. आईने घरात शिवणयंत्र आणलं होतं.

दसऱ्याला त्याची पारडी चिंचेने घासली जायची, दांडीला झेंडूची माळ पडायची आणि त्या दिवशी पहिलं वजन हळदीचं व्हायचं. दिवाळीत वहीपूजन त्याच्याच खाली. २०११ साली पुतण्याने इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. योग्यच केलं. बराचसा माल आता कारखान्यातूनच पाकिटात भरून येतो, जो सुटा राहिला आहे तो पटकन तोलायचा असतो, आणि धडा करायला एक बटण दाबलं की झालं. आकडा गिऱ्हाइकाच्या बाजूलाही दिसतो. अण्णांची वीतभर खाली घेतलेली कडी तेच सांगत होती.

नापास झालेलं वजन अण्णांनी भंगारात दिलं नाही, ते गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात होतं. मागच्या दसऱ्याला मी आणि पुतण्याने ते बाहेर काढलं. इलेक्ट्रॉनिक काट्याची पायरी पाच ग्रॅमची आहे. त्याने आकडा दाखवला, ५०. मग आम्ही तुळईच्या कडीला लटकलेल्या थोरल्याच्या एका पारड्यात ते ठेवलं आणि दुसऱ्यात चौऱ्याहत्तर साली घेतलेलं. तो हलला, हेलकावे घेत राहिला, आणि थांबला तेव्हा नव्या वजनाचं पारडं खाली होतं. पारडी बदलून पाहिलं. तेव्हाही तेच.